कमाल तापमान

आज ट्रंक उघडली आणि डांबराच्या गोळ्यांचा वास नाकात गेला. लातूरचा माघ अजून तसाच नीच आणि दुतोंडी आहे. दुपारी डोकं भाजतो, पहाटे हाडं गोठवतो.

अशाच एका तापलेल्या दुपारी मी वडिलांची वाकळ घडी करून या ट्रंकेत टाकली होती. कॉलेजात जाणारा, पेपर वाचणारा घरात मी एकटाच. त्याची केवढी घमेंड!

"ऱ्हाऊ दे की रं. पहाटं लई गार पडायलंय," आप्पा म्हणाले.

"आप्पा, पेपरात छत्तीस छापलंय. थंडी गेली आता."

"छापलंय का? मग गेली आसंल बाबा. थंडीला बी वाचाया येत आसंल," ते हसले आणि त्यांनी वाकळ सोडली.

पहाटे जाग आली तेव्हा आप्पा दुहेरी धोतरावर तोच पेपर पांघरून खोकत होते. मला उठवलं नव्हतं. खोकला छातीत उतरला आणि होळीच्या आधीच ते गेले.

पेपर मी नंतर पाहिला. छत्तीसच्या खालीच किमान तापमान छापलं होतं, अकरा. माघाला मी आजही नीच म्हणतो, पण त्याने दोन्ही आकडे सांगितले होते. शिकलेल्या माणसाने एकच वाचला.