झाडाखाली उभं राहून ‘पुरं’ म्हणायचं

आमच्या पाड्यात माझ्याइतका झरझर ऐनाच्या झाडावर चढणारा दुसरा माणूस नव्हता. उतरवायला मात्र दर वेळी शिडी आणावी लागे. हे मीच सांगून टाकतो, नाहीतर शेजारचा गोपाळ सांगेल.

असे किस्से माणसाकडे राबासारखे साठतात. ज्यांनी भात फक्त ताटात पाहिलाय त्यांच्यासाठी सांगतो. रोप टाकायच्या जागेवर शेण, त्यावर टहाळ म्हणजे झाडाच्या पाल्यासकट फांद्या, मग पातेरा म्हणजे वाळका पाला, गवत, वर माती, असे थर रचून उन्हाळ्यात पेटवायचे, तो राब. जमीन भाजते, तण मरतं, रोप जोमानं उठतं. किस्स्यांचेही थर बसत जातात, आणि मग माझ्यासारखा एखादा चौथी नापास काडी लावतो.

* * *

तारापूरला मोठं बांधकाम निघालं, त्या वर्षांतल्या या गोष्टी. मनोरच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. सगळ्यांचा टहाळ भागीवैनीच्या ऐनांवरून यायचा. भागीवैनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ लवकर गेला, ऐनांचा माळ तिनं राखला.

गोपाळाचाही माळ होता. त्याच्या बापानं एक वर्ष झाडं शेंड्यापर्यंत छाटली. भात असं पिकलं की कणगी फुटायची वेळ आली! पुढं झाडं वाळली, आणि खालचा ओहळ होळीलाच आटायला लागला. तेव्हापासून गोपाळाची बायकोही वैनीच्या माळावरच्या झऱ्यावर हंडा घेऊन येते.

म्हणून वैनीचा एक कायदा होता. वर चढलेल्यानं कुठं थांबायचं ते ठरवायचं नाही. वरून झाड नेहमी भरलेलंच दिसतं. वैनी खाली उभी राहणार, आणि ती ‘पुरं’ म्हणाली की कोयता कमरेला.

गोपाळ एकदा म्हणाला, “वैनी, अजून दोन फांद्या घेऊ दे, शेत मोठं हाय.”

वैनी म्हणाली, “शेत मोठं हाय ते तुझं. झाड कुणाच्या शेताएवढं नसतं.”

* * *

आता माझा पराक्रम. गोपाळ ऐनावर चढला आणि वैनी पाणी प्यायला झऱ्यावर गेली. मी करवंदीच्या जाळीत बसून वैनीच्या आवाजात ओरडलो, “पुरं!”

गोपाळ मुकाट उतरला. हातात टहाळ किती, तर बकरीची न्याहारी व्हावी एवढा. “आज वैनी रागात हाय,” असं म्हणून तो एवढासा भारा डोक्यावर घेऊन निघालासुद्धा.

वैनी परतली आणि भरलेल्या झाडाकडं बघून म्हणाली, “आज गोपाळाला अक्कल आली.”

खरं कळल्यावर गोपाळ आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. त्या आठ दिवसांत त्यानं वैनीचा आवाज काढायचा सराव केला. पुढं आम्ही दोघंही एकमेकांना असे उतरवायचो. त्यात झाडांचं भलं झालं, हे वेगळं.

* * *

मग ग्रामसेवक आले, साताऱ्याकडचे. त्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणायचो. त्यांचं म्हणणं, जपानी पद्धतीनं भात लावा, राबासाठी झाडं छाटू नका, शेणखत घाला.

गोपाळानं विचारलं, “शेण शेतात घातलं तं गोवऱ्या कशाच्या थापू? आनि गोवऱ्या नाय तं चूल कशावर?”

भाऊसाहेब म्हणाले, “लाकडावर.” आणि त्यांनी स्वतःच जीभ चावली.

माणूस मात्र प्रामाणिक. म्हणाले, अर्धा वाफा तुमचा, अर्धा माझा, करून बघू. त्यांच्या अर्ध्यात रोप बरं आलं, गवत त्याहून बरं आलं! भाऊसाहेब बाह्या सरसावून स्वतः निंदत बसले. मी बांधावरून विचारलं, “भाऊसाहेब, तुमची ती जपानी पद्धत ना? जपानात गवत नाय उगवत?”

ते मान वर न करता म्हणाले, “उगवतं. पण तिथं बांधावर बसून विचारणारे नाहीत, ते निंदायला उतरतात.”

उतरलो. करतो काय?

त्यातून एक झालं. पुढच्या वर्षी वैनीनं थोडं खत घालून राब पातळ रचला. टहाळ निम्मा लागला, आणि पीक काही उपाशी ठेवण्यासारखं आलं नाही.

* * *

एकदा बोयसरहून एक मुकादम आला. बांधकामाला सरळ खोडं हवी होती. वैनीला हिंदी येत नव्हती, मला येते असा माझा समज होता, म्हणून मी मध्ये.

वैनी एवढंच म्हणाली, “नाय.”

ते मी हिंदीत माझी बिडी संपेपर्यंत समजावलं. झाडं, झरा, भात, गोपाळाचा बाप, सगळं घातलं. मुकादमानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “इतना लंबा बोला, मतलब माई बेचेगी ना?”

शेवटी वैनीनं स्वतः त्याच्याकडं बघून मान आडवी हलवली. तेव्हा कुठं त्याला हिंदी कळली.

* * *

झऱ्यावरच ओणवलेला एक थोरला ऐन होता. त्याच्या बाजूच्या चार फांद्यांपलीकडं वैनी कुणाला हात लावू देत नसे. एका वर्षी टहाळ तोडायच्या वेळी तिला ताप होता. “भावजी, मी येईन तवा चढा,” असा निरोप तिनं धाडला. मी म्हटलं, चार फांद्या तर घ्यायच्या, आणि चढलो.

चार झाल्या. खालून घोगरा आवाज आला, “पुरं.”

मी हसलो. म्हटलं, “गोप्या, आवाज अजून जमला नाय रे!” आणि पाचवी उतरवली.

पुन्हा “पुरं,” आणखी बारीक. आता तर गोपाळाला खिजवायचंच म्हणून सहावी, सातवी, आठवी.

मग नजर लांब गेली. गोपाळ पार बांधापलीकडं भारे बांधत होता.

खाली बघितलं. वैनी घोंगडी पांघरून, खोडाला हात टेकून उभी होती. झऱ्याच्या पाण्यावर ऊन पडलं होतं. तिथं ऊन मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी शिडी लागली नाही. खाली येऊन म्हणालो, “वैनी, मला वाटलं गोपाळ ओरडतोय.”

वैनी पाण्यावरच्या उन्हाकडं बघत होती. तिकडंच बघत म्हणाली, “भावजी, गोपाळानं सांगितलं असतं, तं पुरं नसतं का?”