बाराव्याला बघीन

२०२३ साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही, म्हणून लिहिताना चुका होतील. होऊ देत. कोणाकडून दुरुस्त करून घेणार नाही.

चौक गावात जुन्या हायवेवर माझं पंक्चरचं दुकान आहे, मागे घर. एकुलती एक मुलगी आफ्रिकेत, नैरोबीला, शाळेत गणित शिकवते. जावई त्याच शाळेत मास्तर. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही आमच्याकडची रीत. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, माझा दहावीचा वर्ग आहे. महिन्याभरात पुन्हा फळ्यापुढे उभं राहायचंय." मी दोन महिने तिच्याशी बोललो नाही. काय असेल ते बायकोमार्फत.

तिला मुलगी झाली. जावयानं रजा घेतली आणि सगळं स्वतः करायला लागला. सकाळी माझी बायको इथून फोनवर सांगायची आणि तिकडे तो पाटावर बसून, पाय लांब करून, पोरीला पायांवर घेऊन अंघोळ घालायचा. दुपारी तिला खांद्यावर टाकून आपल्या बायकोच्या वर्गाच्या वह्या तपासायचा.

"जावई मास्तर हाय का सुईण?" मी म्हणालो.

"सुईण तर सुईण. तुमी सुईणीला पाणीबी तापवून दिलं नवतं," बायको म्हणाली.

बायको फोन माझ्यापुढे धरायची, मी तोंड फिरवायचो. बाळ जन्मलं की आमच्यात दहा दिवस सोयर. घरातल्या पुरुषानं त्याला शिवायचं नाही. बाराव्या दिवशी बारसं झालं की मांडीवर घ्यायचं. फोनमध्ये बघणं म्हणजे शिवणं नव्हे, एवढं मलाही कळतं. तरी सांगून टाकलं, "बाराव्याला बघीन." बायकोनं फोन उलटा करून फळीवर ठेवला आणि तशीच मुलीशी बोलत राहिली.

उलट्या फोनमधून रडणं यायचं. आधी एक उंच, मग दोनदा अडखळून, मग लांब. ते रडणं माझ्या ओळखीचं होतं.

आमचा पहिला मुलगा झाला तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. बाळंतीण आतल्या खोलीत, मी पडवीत, मध्ये कुडाची भिंत. आई म्हणाली होती, दहा दिवस शिवायचं नाही. बघायचं नाही असं ती म्हणाली नव्हती. चुलते, शेजारी, सगळे दारातून डोकावून गेले. मी नाही गेलो. सांगितलेलं कोणापेक्षा जास्त पाळतो याचा मला माज होता. मी कामाला होतो त्या गॅरेजवरचे विचारायचे, "काय रं, पोरगं कोणावर गेलंय?" मी म्हणायचो, "बाराव्याला बघीन, मग सांगीन." भिंतीला टेकून त्याचं रडणं ऐकायचो. एकदा दार उघडं राहिलं तेव्हा दुपट्याबाहेर आलेली टाच दिसली. तेवढीच.

नवव्या दिवशी तो गेला. भावानं गुंडाळून उचलला आणि आम्ही नदीकडे नेला. खड्ड्यापाशी भाऊ म्हणाला, "तोंड तरी बघ रं." मी मान हलवली. नको. का नको म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही.

मुलगी बारा वर्षांनी झाली, दवाखान्यात. नर्सनं न विचारताच हातात आणून दिली, म्हणून ती तरी बघितली गेली. पण तिचं रडणं वेगळं होतं. नातीचं तेच होतं. मुलगी समजायची बाबा अजून रागावलेत. राग कधीच गेला होता. त्या रडण्याला तोंड कुठलं असेल, याची मला भीती वाटत होती.

आठव्या दिवशी दुपारी मुलीचा फोन आला. "अंग फार पिवळं पडलंय. दवाखान्यात नेतोय. बाबा, एकदा बघा ना तिला."

"बाराव्याला..." माझ्या तोंडातून आपोआप निघालं.

बायको भांडी घासत होती, ती उठून आली. सत्तेचाळीस वर्षांत तिनं त्या विषयाचा शब्द काढला नव्हता. "तवाबी हेच म्हणाला होतात," एवढंच म्हणाली. तोवर फोन बंद झाला होता.

संध्याकाळी जावयाचा फोन. पोरीला कावीळ आहे, निळ्या दिव्याखाली ठेवलंय, डोळ्यांवर पट्टी बांधलीय. डॉक्टर म्हणतात बऱ्याच बाळांना होते, बरी होईल.

मी लांबूनच विचारलं, "रडते का?"

"नाही बाबा. दुपारपासून गप्पच आहे."

ते गप्प होणंही माझ्या ओळखीचं होतं. मी दुकानात जाऊन बसलो. एक ट्यूब पाण्यात बुडवली आणि तशीच धरून राहिलो. बुडबुडे कुठून येत होते ते दिसेना.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे नवव्या, सकाळी अंघोळ केली. शटर उघडलं नाही. बायकोजवळ जाऊन बसलो. "लाव फोन."

"तुमीच लावा," ती म्हणाली आणि कुठे दाबायचं ते दाखवलं.

जावयानं उचलला. "बाबा, तुम्ही?"

"पोरगी दाखवा."

"थोडी उतरलीय कावीळ. आता पाजायला बाहेर घेतलीय, पट्टी सोडलीय." त्यानं फोन खाली नेला. आधी टाच दिसली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तोंड समोर होतं, कपाळावर पट्टीची लाल खूण. ती रडायला लागली. एक उंच, दोनदा अडखळून, मग लांब.

मी बायकोला विचारलं, "तो असाच व्हता का गं?"

ती फोनवर वाकली. "नाय. त्याचं कपाळ तुमच्यावानी रुंद व्हतं. आन हनुवटीला खळी."

"अजून सांग," मी म्हणालो, आणि फोन सुलटा धरून ठेवला.