आवाजाची चौकशी

निवृत्त होऊनही रोज ड्युटीवर असलेला माणूस पाहायचा असेल, तर दुर्गजवळच्या मरोद्याला माझ्या घरमालक काकांकडे यावं. जन्मभर पोलादाच्या भट्टीवर राबलेल्या काकांनी गेल्या दिवाळीत कारखाना सोडला, पण कारखान्यानं काही काकांना सोडलेलं नाही. दूध उतू गेलं तरी ते सगळ्यांना बाहेर काढून अंगणातल्या जांभळीखाली उभं करतात आणि माणसं मोजतात. घरात माणसं तीन, काका, काकू आणि मी. एकदा मोजणीत दोनच भरली तेव्हा काका तिसऱ्याला वाचवायला परत आत धावले. काकू मागून ओरडल्या, "अवो, सोताले मोजा ना!"

मी सांगलीकडचा. आठवीत शाळा सुटली. आमच्याकडची पोरं सोनं गाळायच्या कामाला देशभर पांगतात, तसा मी दुर्गच्या सराफ्यात येऊन पडलो. परक्या, एकट्या पोराला कोणी खोली देईना. काकांनी मात्र "भट्टीवर असतो" एवढंच ऐकलं आणि मागची अडगळीची खोली स्वतः रिकामी करून दिली. "तुही भट्टी आमच्या भट्टीपुढं काडेपेटी हाय," हे तेवढं बजावलं. त्या दिवशी मला गावाकडून निघाल्यापासूनची पहिली नीट झोप लागली.

आणि दुसऱ्याच पहाटे तो आवाज सुरू झाला. टीं-टीं, टीं-टीं. शोधायला उठावं तर गप्प. रोज तसंच. शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "नवा किरायदार आला अन् घर बोंबलाले लागलं. काढा बाप्पा त्याले!" पण काका गरजले, "चौकशी पुरी होईस्तोवर कोणाले काढत नसते!" तेव्हापासून मी देवाला आवाज सापडू दे म्हणायचो आणि लगेच घाबरून, नको सापडू, असंही म्हणायचो.

चौकशी कारखान्याच्या शिस्तीनं झाली. ज्या यंत्राचा संशय, ते बंद करायचं, त्याला कुलूप घालायचं, लाल चिठ्ठी लटकवायची. आणि ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. दुसऱ्यानं हात लावला तर आत काम करणाऱ्याचा जीव जायचा. मिक्सरला चिठ्ठी लागली, इन्व्हर्टरला लागली, फ्रिजला तर साखळीच पडली. "फ्रिजले कावून कुलूप? माही कणीक हाय आत!" काकू म्हणाल्या. "कणकीचीबी चौकशी होईन," काका म्हणाले. मग मेन स्विचला कुलूप घालून, सगळ्या किल्ल्या खिशात टाकून ते दुर्गला एका लग्नाला निघून गेले. हातोडी समोर होती. पण काकूंनी जन्मभर डब्याबरोबर तो नियमही भरून दिलेला. त्यांनी हातोडीकडे पाहिलंसुद्धा नाही. भर उन्हाळ्यात आम्ही दोघं जांभळीखाली कोरडा चिवडा खात, पुठ्ठ्यानं वारा घेत बसलो. काका जेवून, ढेकर देत परतले आणि म्हणाले, "शाबास! कोणी कुलूप तोडलं नाही!" मग काकूंनी काय ऐकवलं ते मी लिहिणार नाही.

त्या रात्रीही मेन स्विच काही काकांनी उघडला नाही. तरी पहाटे टीं-टीं झालंच. म्हणजे विजेचा संबंध नाही. म्हणजे बॅटरी. सगळे माझ्या मोबाइलकडे पाहू लागले. त्याला लाल चिठ्ठी लागली, आणि मी गुपचूप पिशवी भरून ठेवली.

पुढच्या पहाटे काकांनी हेल्मेट चढवलं. काकूंना स्वयंपाकघरात, मला घरातल्या बोळात उभं केलं. "जवळून ऐकू आला की हात वर करजो." टीं-टीं झालं आणि मी दोन्ही हात वर केले. डोक्यावरच माळा होता! काका वर चढले आणि भांड्यांमागून रंगीत कागदातलं खोकं घेऊन उतरले. आत टीं-टीं चालूच.

"निरोपाच्या दिवशी कारखान्यातल्या पोट्ट्यांनी देल्लं होतं," काकू हळूच म्हणाल्या. "उघडूच देऊन नाही राहिले मले." माझी खोली रिकामी करताना काकांनीच ते वर कोंबलं होतं, तेव्हाच कुठलंसं बटण दाबलं गेलं असावं.

काकांनी कागद सोडला. आत टेबलावरचं गजराचं घड्याळ होतं. "पहिल्या शिफ्टले उठाचा टाइम लावून ठेवला बदमाशांनी," ते म्हणाले. बटण त्यांनी दाबलं नाही. ते हातात धरून, वाजून वाजून आपोआप थांबेपर्यंत बसून राहिले.

"काका, चौकशी झाली," मी पिशवी घेऊन येत म्हणालो. "मग मी..."

त्यांनी माझ्या भरलेल्या पिशवीकडे पाहिलं. खोलीत गेले, घड्याळ माझ्या फळीवर ठेवलं. "इथंच राहू दे. तुले ड्युटी हाय. मले काय आता."

त्या घड्याळानं मला अजून एकदाही उठवलेलं नाही. त्याच्याआधीच काका चहाचा कप घेऊन दाराशी येतात, आणि आत ते वाजून थांबेपर्यंत तिथेच उभे राहतात.