गल्लीच्या शेवटच्या नळापर्यंत

उत्तरेतल्या जुन्या मराठी संस्थानच्या शहरात, दौलतगंजच्या त्या गल्लीत शांताताई सुर्व्यांना न घाबरणारं मांजरसुद्धा सापडणार नाही. गोरखीजवळच्या मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर कवायत शिकवली. आज नातवंडं सांभाळणाऱ्या कितीतरी बायका एकेकाळी त्यांच्या ‘सावधान’ला ताठ उभ्या राहिलेल्या. माहेर कंपूचं, म्हणजे जुन्या लष्करी छावणीतलं, आजोबा संस्थानच्या फौजेत, सासरेही फौजेतलेच. आता घरात कुणी फौजेत नाही, पण कणा शाबूत आहे असं ताई स्वतःच सांगतात, आणि सांगता सांगता गुडघा चोळतात. गुडघे गेले, आवाज तेवढा राहिला.

गल्लीचं खरं दुखणं पाण्याचं. उन्हाळ्यात तिघऱ्याचं धरण खाली गेलं की नळ एक दिवस सोडून येतो, तोही पहाटे, आणि घाईत असलेल्या पाहुण्यासारखा. घरोघरी बोअर मारून मारून जमिनीतलं पाणीही खोल गेलेलं. उरला नळ. त्यावर या लोकांनी एक नामी उपाय काढला होता, तो म्हणजे टुल्लू. ही एक छोटी मोटर. ती थेट सरकारी नळाला जोडायची आणि पाइपातलं पाणी ओढून घ्यायचं. एकानं लावली म्हणून दुसऱ्याचा नळ कोरडा पडला, म्हणून दुसऱ्यानं लावली, तिसऱ्यानं जरा मोठी लावली. पाणी तेवढंच राहिलं, ओढणारे वाढले. हे कायद्यात बसत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांच्या जिन्याखाली ती होती.

एका घरात मात्र नव्हती. गल्लीच्या अगदी शेवटी माधवराव धर्माधिकारी राहतात. गल्लीचा गणपती वर्षानुवर्षं त्यांच्याच हातून बसतो. ताईंच्या यजमानांशी त्यांची बुद्धिबळाची मैत्री होती. यजमान गेल्यावरही माधवराव दर दिवाळीला पहिला फराळ सुर्व्यांकडेच करायचे. शेजाऱ्याच्या तोंडचं ओढून आणलेलं पाणी देवावर घालायचं नाही, एवढं साधं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांचा नळ पहाटे नुसता सुस्कारे टाकायचा. पत्नी गेल्यापासून ते एकटे. लांबच्या हापशावरून बादली आणता आणता माघात पाय घसरून पडले. पुण्याहून लेक शामला धावत आली, आणि तिनं ठरवूनच टाकलं की घर विकायचं आणि बाबांनी पुण्याला यायचं. गिऱ्हाईकही मिळालं.

हे माधवरावांनी ताईंना सांगितलं ते अपराध्यासारखं, खाली मान घालून. ताईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. रणांगणातून माणूस हटला तर समजू शकतं, पण एका कळशी पाण्यापायी माणूस पिढ्यांचं घर सोडून जातो आणि आपण गल्लीच्या तोंडाशी भरलेली टाकी घेऊन बसतो, याची त्यांना मनापासून लाज वाटली. हा माणूस जाता कामा नये, एवढं एकच त्यांनी धरून ठेवलं.

मग काठी टेकत त्या दारोदार फिरल्या. प्रत्येक घरी चहा मिळाला आणि एकच उत्तर मिळालं. बाकीचे बंद करत असतील तर आम्हीही करू. मधल्या तीन मजली घरातले दिग्विजयसिंह तर हात जोडून म्हणाले की ताईजींचा शब्द शिरसावंद्य, फक्त सुरुवात दुसऱ्यानं करावी. शेवटी ताईंनी शाळेतली शिट्टी शोधून काढली आणि गणपतीच्या ओट्यावर उभं राहून ती फुंकली. भली भली माणसं चपला घालत बाहेर आली. ताईंनी बेत सांगितला. नळातून कुणी ओढायचं नाही. पाणी आपल्या वेगानं खालच्या हौदात नाहीतर ड्रममध्ये पडू द्यायचं, आणि मग हवं तर त्या हौदातून मोटरनं वर चढवायचं. पाइपातलं पाणी सगळ्यांचं, हौदातलं आपापलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पाण्याच्या दिवशी पहाटे गल्ली कधी नव्हे इतकी शांत होती. माधवराव तोटीखाली कळशी लावून बसले, शेजारी ताई उभ्या. नळ खाकरला, दोन थेंब पडले, आणि पुन्हा सुस्कारे. त्या शांततेत कुठूनतरी बारीक गुरगुर ऐकू येत होती. ताईंचं पित्त खवळलं. त्यांनी विचारलं नाही, कान लावून ऐकलं नाही, सरळ दिग्विजयसिंहांच्या दारावर काठी आपटली आणि ते बाहेर येताच शब्द देऊन फिरणाऱ्या माणसाला जे जे सुनवायचं असतं ते सगळं सुनवलं. ते बिचारे तोंडात ब्रश घेऊन ऐकत राहिले. सगळी गल्ली दारात आली.

मग ब्रश काढून ते हळू म्हणाले, “ताईजी, मेरी मोटर तो कल से निकालकर रखी है। आवाज़ आपके घर से आ रही है।”

ताई वळल्या. घरापर्यंतचं अंतर त्यांना कधी एवढं लांब वाटलं नव्हतं. जिन्याखाली त्यांचीच टुल्लू चालू होती. मुलगा समरजीत डोळे चोळत आला आणि बघताच त्याचा चेहरा उतरला.

“आई, तुझ्या गुडघ्यांमुळे मीच ऑटोवर लावली होती. पाणी आलं की आपोआप चालू होते. पहाटे तुला उठायला नको म्हणून. बंद करायचं ध्यानातच नाही राहिलं.”

पोराच्या डोक्यावर खापर फोडणं सोपं होतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. पण पाण्याच्या दर दिवशी आपली टाकी भरते कशी हे आपण कधी विचारलं नाही, हे ताईंना आतून टोचलं. त्यांनी वायर उपटली, समरजीतला पाइप सोडवायला लावला, आणि ते ओझं स्वतः उचललं. तो घ्यायला पुढे आला तर त्याला नजरेनंच थांबवलं. पाणी निथळणारी मोटर छातीशी धरून त्या ओट्यापर्यंत चालत गेल्या. पदर भिजला. गुडघे काय म्हणत होते ते त्यांनाच ठाऊक.

“चोर माझ्याच घरात निघाला,” त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. “दिग्विजयसिंहजी, मी चुकले. ही मोटर आता इथंच राहील. तुम्हाला कुणाला काही सांगायचं तोंड मला उरलं नाही, म्हणून मी सांगणार नाही.”

शिट्टीनं आणि दरडावणीनं जे झालं नव्हतं ते या वाक्यानं झालं. दिग्विजयसिंह आत गेले आणि आपली मोटर घेऊन आले. ताईंच्या मोटरशेजारी ठेवताना म्हणाले की आता हिला एकटं का ठेवायचं. मग समोरचे आले, त्यांच्या शेजारचे आले. कुणी लाजत आणली, कुणी बायकोनं ढकललं म्हणून आणली. तोवर नळ गेला होता. माधवरावांच्या कळशीचं बूडसुद्धा भिजलं नव्हतं, पण ते दारात उभे राहून हे सगळं बघत होते.

पुढच्या पाण्याला गुरगुर नव्हती. घराघरातून पाणी पडल्याचा आवाज एकापाठोपाठ एक उठत गेला, आणि शेवटी माधवरावांचा नळ खोकला, गढूळ पाणी ओकला, मग करंगळीएवढी स्वच्छ धार लागली. धार बारीक होती, पण तुटली नाही.

त्यावर माधवराव लगेच भुलले नाहीत. एका दिवसाच्या धारेवर घर ठेवायचं नसतं, असं ते म्हणाले, आणि ताईंना ते पटलं. मध्ये कुणीतरी नवी टुल्लू आणून लबाडी केलीही. ताई ओरडल्या नाहीत. नुसत्या त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, पाठोपाठ बाकीचे उभे राहिले, आणि आतला आवाज आपसूक थांबला. समरजीतनं अंगणात खाली टाकी बसवून घेतली. ती एखाद्या दिवशी अर्धीच भरते. मग ताई त्या दिवशी धुणं काढत नाहीत, आणि हे सांगताना त्यांची मान अशी ताठ असते की ऐकणाऱ्याला वाटावं यांनी गड घेतला.

एप्रिल सरत आला तसा शामलाचा फोन आला. ताई तेव्हा माधवरावांकडेच बसल्या होत्या. गिऱ्हाईक घाई करतंय, बाबा सह्या कधी करणार, असं ती विचारत होती. भर उन्हाळ्यात या गल्लीत पाहुण्याला बोलवायची रीत कधीच मोडून गेली होती. नातेवाईक फोन करायचे तेच मुळी येत नाही म्हणून सांगायला.

“घर विकायचं नाही, शामला,” माधवराव म्हणाले. “तूच मे महिन्यात मुलांना घेऊन राहायला ये. आणि आंघोळीला पाणी असेल का, असं या वेळी विचारू नकोस.”

ताईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. कवायतीच्या बाईंचे ओले डोळे गल्लीनं अजून पाहिलेले नाहीत, आणि त्या दिवशीही त्यांनी ते कुणाला पाहू दिले नाहीत.