दुसरा सर्व्हर, वरीलप्रमाणे

माऊली देवकते खुर्चीत बसून जेवत नाही. कारखान्याच्या संगणक विभागात त्याला खुर्ची आहे, पण तिच्यावर बहुतेक वेळा वायरींचं भेंडोळं पडलेलं असतं. डबा तो उभ्यानेच खातो, सर्व्हरच्या कपाटाकडे तोंड करून. घरीही फारसा फरक नाही. बायको स्वप्ना म्हणते, "ताटाशी टेका की घडीभर. यंत्र काय पळून चाललंय?" तो टेकतो, दोन घास खातो आणि पालथा ठेवलेला मोबाइल उलटून बघतो. कपाटातल्या दोन सर्व्हरपैकी एखादा बोलायचा थांबला की मोबाइलवर संदेश येतो. गेल्या तीन वर्षांत असा संदेश सहा वेळा आला. माऊली मोबाइल दिवसातून शंभरदा बघतो.

माजलगाव तालुक्यातल्या या साखर कारखान्यात हंगामात रोज पाचशेवर बैलगाड्या येतात, ट्रॅक्टर वेगळे. प्रत्येक गाडी दोनदा काट्यावर चढते, एकदा भरलेली आणि एकदा रिकामी. वजनाचा आकडा सर्व्हरकडे जातो, तिथून पावती निघते आणि पावती हातात पडली की गाडी ऊस टाकायच्या गव्हाणीकडे हलते. सर्व्हर थांबला की पावती थांबते, आणि पावती थांबली की गाडी. म्हणून सर्व्हर दोन ठेवलेत. एक काम करतो, दुसरा त्याच्याकडे कान लावून बसतो. दर काही सेकंदांनी दोघे एकमेकांना आपण जिवंत असल्याचं कळवतात. पहिल्याकडून काही आलं नाही की दुसरा सगळं काम आपल्याकडे ओढून घेतो. हे घडवून आणणाऱ्या सॉफ्टवेअरला क्लस्टर म्हणतात. त्याला लायसन्स लागतं, आणि ते प्रत्येक सर्व्हरला वेगळं लागतं.

ही गोष्ट वडिलांना, म्हाळूंना, समजावून सांगायला माऊलीला फार वेळ लागला नव्हता. म्हाळूंनी दिंद्रुडच्या माळावर चाळीस वर्षं मेंढरं राखली. कळप मोठा, म्हणून दोन अंगांना दोघे भाऊ. ओढ्यापलीकडून भावाची हाळी यायची, अलीकडून म्हाळू उत्तर द्यायचे.

"हाळी न्हाई आली की त्येची बाजू मी धरायचो," म्हातारा म्हणाला. "पर आदी खात्री करायची. न्हाईतर त्यो बी हाकतोय, मी बी हाकतोय, अन् मेंढरं फुटत्यात."

क्लस्टरच्या पुस्तकात नेमक्या याच धोक्यावर एक लांबलचक प्रकरण आहे. ते माऊलीने पुण्यात नोकरीला असताना वाचलं होतं. म्हाळूंचा खुबा मोडला तेव्हा तो पुणं सोडून परत आला आणि कारखान्यात लागला. त्याला आता तेरा वर्षं झाली.

तीन वर्षांपूर्वी ऐन हंगामात पहिला सर्व्हर बंद पडला आणि दुसऱ्याने काम उचललं नाही. दुसऱ्याचं लायसन्स दोन महिन्यांपूर्वीच संपलं होतं. नूतनीकरणाची फाइल कुठल्या तरी टेबलावर होती. माऊलीने त्याबद्दल तिघांना सांगितलं होतं, तिघांनाही तोंडी. काटा चौदा तास बंद राहिला. पावत्या हाताने लिहायच्या, तर तसा आदेश नव्हता आणि आदेश द्यायला कोणी पुढे येईना. गाड्या रांगेने थांबतात त्या नंबरतळावर चारशे गाड्या अडकल्या. बैल सोडावेत तर आपला नंबर जाईल, या भीतीने गाडीवान जू उतरवेनात. छबुबाई नावाची ऊसतोड कामगार काट्याच्या खिडकीशी आली. तिचा एक बैल जुवाखालीच बसला होता.

"तुमचं यंत्र आजारी पडलं म्हनत्यात," ती म्हणाली.

"हो."

"दुसरं न्हाई का?"

"हाय."

"मग?"

 ती उत्तराची वाट न बघता बैलाकडे परत गेली. दुसऱ्या दिवशी त्याला मेमो मिळाला. बैल चार दिवसांनी उठला, पण त्या हंगामात पुन्हा गाडीला लागला नाही. माऊलीने उभ्याने जेवायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

यंदा सर्व्हर ज्यावर चालत होते त्या जुन्या लिनक्स प्रणालीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद झालं, आणि नव्या लिनक्सवर जुनं क्लस्टर चालेना. दोन्ही बदलणं भाग होतं. हंगामाचं मोळीपूजन सोमवारी सकाळी ठरलं होतं, पूजन झालं की काटा सुरू. माऊलीने त्याआधीचे शनिवार-रविवार मागून घेतले. नवी लायसन्सं पंधरा दिवस आधीच आली होती. लायसन्स ज्या सर्व्हरवर चालवायचं त्याच्या नेटवर्क कार्डाला बारा अक्षरांचा एक क्रमांक असतो. तो अर्जात लिहावा लागतो आणि लायसन्स त्या क्रमांकालाच बांधलेलं येतं. अर्ज खरेदी विभागातल्या त्रिंबकने भरला होता.

शनिवार सुरळीत गेला. माऊलीने सगळं काम दुसऱ्या सर्व्हरवर वळवलं, पहिला मोकळा केला, त्याच्यावर नवं लिनक्स आणि नवं क्लस्टर चढवलं, लायसन्स घातलं. ते बसलं. रविवारी सकाळी काम पहिल्यावर आणून त्याने दुसरा हातात घेतला. दुपारी पावणेतीनला दुसऱ्याचं लायसन्स घातलं आणि पडद्यावर एक ओळ आली. हे लायसन्स या यंत्राचं नाही.

त्याने पुन्हा घातलं. ओळ पुन्हा तीच. मग त्याने दोन्ही लायसन्सं शेजारी शेजारी उघडली. दोन्हींवर क्रमांक एकच होता, पहिल्या सर्व्हरचा.

पूजनाच्या तयारीमुळे रविवारी कचेरी उघडी होती. त्रिंबकने अर्जाची स्थळप्रत काढून टेबलावर ठेवली. पहिल्या ओळीत बारा अक्षरं सुवाच्य लिहिलेली होती. दुसऱ्या ओळीत, त्याच रकान्यात, 'वरीलप्रमाणे' असं होतं.

"त्रिंबकराव, हे काय?"

"वरीलप्रमाणे. कंपनी एक, मॉडेल एक, बिल एक. जोडीच हाय की ती."

"जोडीतल्या दोन बैलांना एकच बिल्ला असतो का?"

त्रिंबकने चष्मा काढून पुसला. "तुमचं बरोबर हाय. मग खाली ही सही कावून हाय?"

सही माऊलीची होती. त्रिंबक तीस वर्षं मागणीपत्रं लिहितो. टायर, पंखे, व्हॉल्व्ह, झाडू, काहीही असो, दुसऱ्या ओळीपासून वरीलप्रमाणे. कचेरीत सगळेच तसं लिहितात आणि सगळेच तसं वाचतात. माऊलीने पहिल्या ओळीचं एकेक अक्षर कार्डाशी ताडून पाहिलं होतं. दुसऱ्या ओळीवरून त्याची नजर सरळ खाली घसरली होती. पुण्याच्या विक्रेत्याने अर्जात होतं तेच भरलं. आणि लायसन्सं हातात आली तेव्हाही माऊलीने पहिलंच उघडून पाहिलं होतं.

पुण्याचं कार्यालय रविवारी बंद. मागे फिरायचं तर दोन्ही सर्व्हर जुन्यावर न्यावे लागणार, त्याला पंधरा-सोळा तास, आणि तपासून बघायला वेळ उरणार नाही. सोमवारी पहिली गाडी काट्यावर येईल तेव्हा एकच सर्व्हर असेल. दुसरा शेजारी दिवे लावून नुसता बसेल. तीन वर्षांपूर्वीही तो तसाच बसला होता.

माऊली खोलीतून काट्यापर्यंत गेला आणि परत आला. पुन्हा गेला. तिसऱ्या फेरीत त्याने माजलगावला पप्पूला फोन लावला. कारखान्याला यंत्रं पुरवणारा हा माणूस त्याचा वर्गमित्र.

"येवढंच ना बे?" पप्पू म्हणाला. "दुसऱ्याच्या कार्डाला पहिल्याचा नंबर दे. एक ओळ टाइप करायची. लायसन्स गपगुमान बसतंय."

"अन् दोघं एकाच नेटवर्कवर हायेत, त्याचं?"

"चालतंय कधी कधी."

"कधी कधी म्हंजे?"

"म्हंजे कधी कधी न्हाई चालत. पर उद्या पडद्यावर दोन्ही हिरवे दिसतील. एमडीला तेवढंच बघायचंय."

ते खरं होतं. उद्या पाहुणे संगणक विभाग बघायला येणार होते आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दोन हिरवे ठिपके दाखवायचे, असं एमडींनी, म्हणजे कार्यकारी संचालकांनी, दोनदा बजावलं होतं. माऊलीने ती ओळ टाइप केली. एंटरवर बोट ठेवून तो उभा राहिला. एका नेटवर्कवर एकाच क्रमांकाची दोन यंत्रं असली की संदेश कधी याच्याकडे जातात, कधी त्याच्याकडे. मधूनच दोघांचं बोलणं तुटतं. तुटलं की दोघांनाही वाटतं दुसरा मेला, आणि दोघेही एकाच वेळी पावत्या काढू लागतात. गाडी एक, पावत्या दोन. किंवा एकही नाही. दहा मिनिटांनी त्याने ओळ खोडली, कोरा कागद घेतला आणि त्याच्यावर पाच ओळी लिहिल्या.

कार्यकारी संचालक पूजनाच्या मांडवात खुर्च्यांच्या रांगा लावून घेत होते. त्यांनी कागद वाचला. "देवकते, हे लेखी कशाला? सांगायचं ना."

"मागच्या वेळी तोंडी सांगितलं होतं, साहेब."

साहेबांनी कागद पुन्हा वाचला. पहिल्या तीन ओळींत काय बिघडलं आणि त्यात कोणाकोणाची चूक, ते होतं. माऊलीने स्वतःचं नाव आधी लिहिलं होतं. चौथ्या ओळीत, नवं लायसन्स येईपर्यंत दुसरा सर्व्हर काम उचलणार नाही. पाचव्या ओळीत, तोवर काटा अडला तर पाच मिनिटांत हातपावती सुरू करण्याचा आदेश मिळावा.

"उद्या अध्यक्षांसमोर पडदा कसा दिसेल?"

"एक हिरवा, एक करडा."

"करडा?"

"हो साहेब. जो हाय त्योच दिसंल."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. सही करायला त्यांना लागायला हवा त्यापेक्षा जास्त वेळ लागला. पण त्यांनी केली, आणि भांडारातून हातपावत्यांची दहा पुस्तकं काट्यावर पोचली. त्यांच्यावर तीन वर्षांची धूळ होती.

सोमवारी पूजन झालं, गव्हाणीत मोळी पडली, नंबरतळावरून पहिली गाडी हलली. अध्यक्ष विजयसिंह पाहुण्यांना घेऊन संगणक विभागात आले आणि पडद्यासमोर थांबले.

"हा करडा का?"

"त्याचं लायसन्स यायचंय, साहेब. जागेवर हाय, पण काम करू शकत नाही."

"म्हणजे आमच्या उपाध्यक्षांसारखं," अध्यक्ष म्हणाले. पाहुणे हसले, उपाध्यक्षही हसले आणि मंडळी चहाकडे वळली. कार्यकारी संचालकांनी जाता जाता माऊलीकडे एकदा पाहिलं.

दहा वाजता पुण्याने फोन उचलला. चुकीचं लायसन्स परत केल्याचं पत्र कारखान्याच्या कागदावर हवं होतं, दोन्ही क्रमांकांसह. पत्र त्रिंबकने लिहिलं. दुसऱ्या सर्व्हरची बारा अक्षरं त्याने स्वतः कपाटाशी येऊन, बॅटरी लावून वाचली आणि मोठ्याने तीनदा म्हणून दाखवली.

"आता तुमी म्हना," तो म्हणाला. माऊलीने म्हटली.

नवं लायसन्स मंगळवारी दुपारी आलं. तोवर तीस तास काटा एका सर्व्हरवर चालला. त्या तीस तासांत काहीही झालं नाही. वीज दोनदा गेली, दोनदा जनरेटर वेळेवर लागला. माऊली काटा आणि कपाट यांच्यामध्ये फेऱ्या घालत राहिला. काट्यावरचे लोक त्याला चुकवून ये-जा करायला शिकले.

दुपारी दोन-चाळीसला पडद्यावर दुसरा ठिपका हिरवा झाला. कोणीतरी पेढे मागवू म्हणालं. माऊली म्हणाला, थांबा. हिरवा ठिपका तर तीन वर्षांपूर्वी लायसन्स संपल्यावरही दोन महिने दिसत होता. परीक्षा घेतल्याशिवाय तो मानणार नव्हता. त्याने साहेबांची परवानगी घेतली, तीही लेखी. हातपावतीचं पुस्तक उघडून पेन वर ठेवलं, रांग छोटी होण्याची वाट पाहिली, मग आत जाऊन पहिल्या सर्व्हरची वीज काढून टाकली. तिथून तो पळत काट्याच्या खिडकीशी आला.

काट्यावर भरलेली गाडी उभी होती. गाडीपुढे कासरा धरून छबुबाईचा नवरा, खिडकीशी हात पुढे करून छबुबाई. तिची ऊसतोड टोळी यंदाही याच कारखान्याला आली होती. माऊलीने तिला ओळखलं. तिने ओळखलं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. छपाईयंत्र गप्प होतं.

"कावून थांबलं?" तिने विचारलं.

"यंत्र बंद पडलं."

तिने मान वळवून बैलांकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे. "अन् दुसरं?"

माऊली घड्याळाकडे बघत होता. सोळा सेकंद. सतरा. एकोणिसाव्या सेकंदाला छपाईयंत्र खरखरलं आणि पावती बाहेर आली. त्याने ती फाडून तिच्या हातात दिली.

"ही दुसऱ्याची," तो म्हणाला.

छबुबाईने पावती घडी करून कमरेच्या पिशवीत घातली आणि नवऱ्याला म्हणाली, "हाका की आता, मागं लोक खोळंबल्यात."

गाडी उतरली, पुढची चढली. माऊली आत गेला आणि पहिल्या सर्व्हरची वीज पुन्हा जोडली. पेढे आले तेव्हा त्याने आपल्या वाटणीचा उभ्यानेच खाल्ला आणि मोबाइल उलटून पाहिला.