गुरुवारचं 'नको'

आमचे हे आठवडाभर बेसिंगस्टोकला, कंपनीने दिलेल्या खोलीत, आणि मी लंडनच्या कडेला, पिनरच्या घरात एकटी. लेक युनिव्हर्सिटीत गेली आणि घर इतकं गप्प झालं, की मी भाजी चिरताना भाजीशीच बोलायला लागले. खोटं नाही सांगत. दिवसभरात 'सॉरी' आणि 'थँक यू' सोडून तोंडातून शब्द निघायचा नाही. चर्चच्या हॉलमध्ये निर्वासितांना धान्य आणि पैसे देणारा एक गट होता, त्यात शिरले. समाजसेवा कसली डोंबलाची! मला बोलायला माणसं हवी होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सरकारने बऱ्याच निर्वासितांचा भत्ता बंद केला होता. एका जुन्या नर्सेस होस्टेलात अशी कुटुंबं राहायची. डोक्यावर छप्पर होतं, पोटाचं ज्याचं त्याने बघायचं. दर गुरुवारी मी क्लिपबोर्ड घेऊन दारोदार जायचे, काय हवं ते विचारायचे, आणि शनिवारी तांदूळ, डाळी, टिनं, रोख पैशांचं पाकीट नेऊन द्यायचे. गट चालवणारी बाई निवृत्त हेडमिस्ट्रेस. तिचा नियम असा, की घेणाऱ्याला संकोच वाटू नये म्हणून एकदाच विचारायचं, मागे लागायचं नाही. लागोपाठ दोन आठवडे 'नको' आलं की नाव यादीतून बाद, कारण मागे रांग होती.

श्रीलंकेहून आलेली एक तमिळ बाई होती, तिथे शाळेत शिकवायची. सोबत पाच वर्षांची मुलगी. नवऱ्याचा पत्ता नाही. "तुम्ही दोघी एकाच बाजूच्या, तुम्हाला तिचं कळेल," म्हणून हेडमिस्ट्रेसबाईंनी ती खोली माझ्याकडे दिली. पहिल्या गुरुवारी मी विचारलं, "काही धान्य, पैसे हवेत का?" ती हसली, इंग्रजीतच म्हणाली, "नको, नको. आमचं भागतंय." मी 'नको'वर खूण केली. पुढच्या गुरुवारीही तेच. नाव काढलं. ती मला फार आवडली होती. दोघी कधीतरी बसू, बोलू, असं मनात होतं. आता तिच्या दारात जायला निमित्तच उरलं नाही, म्हणून मला वाईट वाटलं. बघा माझा स्वार्थ!

तीनेक आठवड्यांनी ती मला भाजीवाल्याच्या दुकानामागे दिसली. फेकून दिलेल्या क्रेटमधून फ्लॉवरची पानं निवडून पिशवीत भरत होती. मला बघून दचकली.

"सशासाठी," म्हणाली.

होस्टेलात मांजरसुद्धा पाळू देत नव्हते.

अगं बाई, आणि हे मला कळू नये? या देशात आले त्या वर्षी शेजारणीने चहाला बोलावलं, सँडविचची ताटली पुढे केली. मी आपली रीतीप्रमाणे "नको नको" म्हणाले. म्हटलं, ती पुन्हा आग्रह करेल, मग घेऊ. ताटली गेली ती गेलीच! भुकेली घरी आले. मराठी मंडळात हा किस्सा सांगून मी किती वर्षं लोकांना हसवलं. पहिलं 'नको' हे नको नसतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि मी शहाणी, क्लिपबोर्डावर खुणा करत बसले! स्वतःचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

त्याच संध्याकाळी घरातले तांदूळ, तूरडाळ, तेल, बटाटे आणि पर्समध्ये होत्या तेवढ्या नोटा घेऊन तिच्या दारात उभी राहिले.

"घ्या."

"नको हो, खरंच नको."

"घ्या म्हणते ना."

"उगीच कशाला..."

"मी हलणार नाही इथून."

तेव्हा कुठे तिने पिशवी हातात घेतली. मुलगी लगेच पिशवीत डोकावली, बटाटे बघून टाळ्या वाजवायला लागली. ते बघून माझं डोकंच फिरलं. "अहो, मग दोन्ही वेळा नको कशाला म्हणालात? आमच्याकडे कपाटं भरलेली होती!"

तिने मला बसायला खुर्ची ओढली. हळूच म्हणाली, "तुम्ही एकदाच विचारून पुढे गेलात. मला वाटलं, तुमच्याकडेच पुरत नसेल, आणि लाजेकाजेस्तव विचारताय."