न पिणाऱ्याचं लिव्हर

वनिताताई गेल्याचा फोन लातूरहून त्यांच्या भावाचा आला. चार दिवसांसाठी गावी गेल्या होत्या, झोपेतच हृदय थांबलं. बावन्न वर्षं हे काय जायचं वय आहे... महिना झाला, मला अजून खरं वाटत नाही.

घोटावड्यात आमच्या भाड्याच्या चार खोल्या आहेत. रस्त्याकडच्या खोलीत ताईंची रक्त तपासायची लॅब होती. नावाला भाडेकरू, बाकी घरातलंच माणूस. तीन वर्षांपूर्वी थकवा येतो म्हणून मी रक्त दिलं, तर जीजीटी नावाचं लिव्हरचं एन्झाइम दुप्पट निघालं. आमच्याकडं लिव्हर म्हटलं की अर्थ एकच. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलानं मोबाइलवर बघून आईला सांगितलं, हे दारूनं वाढतं. झालं, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला मी घरात बेवडा ठरलो. "कुटं पिता, तेवढं सांगा," एवढं विचारून बायकोनं अबोला धरला. आठ दिवस नुसतं ताट पुढं सरकवायची. तीस वर्षांचा संसार एका आकड्यानं नासावा, याचं मला रडू यायचं.

शेवटी तणतणत लॅबमध्ये गेलो. "ताई, मशीन बिघडलंय तुमचं." त्यांनी टेप काढून माझं पोट मोजलं आणि बायकोला हाक मारली.

"वहिनी, दादा दारूला शिवत नाहीत. पण दिवसातून सात वेळा गोडमिट्ट चहा पितात, आणि शेत विकल्यापासून बसून आहेत. पोटावर चरबी वाढली, की ती लिव्हरमध्येही साचते, मग हे एन्झाइम वाढतं. साखर, बीपी बहुतेक मागनं येतात, हे आधी हाक देतं. नुसत्या यावर ठरवू नका, डॉक्टरांना दाखवा."

बायको खाली बघत म्हणाली, "अन् चा कोण करून देत व्हतं? मीच की."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. चहातली साखर सुटली, पहाटेचं चालणं लागलं आणि वर्षभरात आकडा खाली आला. ताईंनी मात्र स्वतःचं रक्त कधी तपासलं नाही. "वेळ कुठंय?" म्हणायच्या. याचा मला आजही राग येतो.

लॅब आता दुसऱ्या बाई चालवतात. परवा सकाळी पाहतो तर दाराशी आळीतल्या सात बायका, उपाशीपोटी, कुरकुरत उभ्या. माझ्या बायकोनंच गोळा केलेल्या. सुईला जन्मभर घाबरणारी ती सगळ्यांच्या पुढं खुर्चीत बसली होती. बाही वर केली, डोळे गच्च मिटले आणि म्हणाली, "टोचा. ताईंना येळ न्हाई घावला. मला हाय."